चार अंकांचा हेमकेतू

सोलापूरच्या शरणबसप्पांशी सोयरीक जुळली तर आपल्या पदरात काय काय पडणार, हे माणिकप्पानं बातमी आली त्याच दुपारी दुकानाच्या गादीवर बसून मनात मांडून पाहिलं. हुंडा नाही, तसं शरणबसप्पांनी मध्यस्थाजवळ स्वच्छ सांगितलं होतं. वर सोलापुरात सुताची पेढी असलेला व्याही. आणि जे तो बायकोसमोरसुद्धा मोठ्यानं बोलत नव्हता, ते म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर एक हक्काचा उंबरा. साल होतं सेहेचाळीस. धाराशिवच्या पेठेत ज्याच्याजवळ थोडा पैका आणि अर्धी अक्कल होती, तो प्रत्येक जण त्या दिवसांत सोलापूर नाहीतर बार्शीकडं आपला कुणी मावसभाऊ, कुणी साडूचा साडू निघतो का, ते हुडकत होता. उद्या इकडं काही भडकलं तर रातोरात उतरायला घर हवं होतं. माणिकप्पाला तर नुसता मावसभाऊ नव्हे, व्याही मिळत होता.

बदल्यात द्यायचं होतं ते असं: एक मुलगी, जी कधीतरी द्यायचीच होती, आणि एक आवडतं नाटक. मुलगी घरात तयार होती. नाटक नव्हतं.

भानगड अशी की शरणबसप्पा नाटकवेडे होते, किंवा तसं त्यांनी सोलापूरभर पसरवून ठेवलं होतं. पैका आपल्याजवळ पोत्यानं आहे, आपल्याला रसिक घर पाहिजे, असं ते म्हणत. जिथं मुलगी पाहायला जात तिथं मुलीच्या बापाला विचारत, तुमचं आवडतं नाटक कुठलं, आणि का. बार्शीच्या एका बापानं सांगितलं, सगळीच आवडतात. तिथं त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. अक्कलकोटच्यानं नाव घेतलं, पण 'का' म्हटल्यावर तो आढ्याकडं बघत बसला. ती सोयरीकही मोडली.

मध्यस्थ धुळाप्पा हे सगळं ओसरीवर सांगत होता तेव्हा माणिकप्पाची बायको मल्लम्मा आतून ऐकत होती.

"पोरीला काय इचारत्यात?" तिनं विचारलं.

"पोरीला काय न्हाय इचारत, अक्का. बापालाच इचारत्यात."

"मग बापालाच नांदवा म्हणावं."

माणिकप्पानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. त्याचं डोकं दुसरीकडं चाललं होतं. नाटकं त्यानं पाहिली होती, म्हणजे तो तिथं हजर होता. दर तीन-चार वर्षांनी कंपनी यायची, बाजारतळावर कनात लावायची, आणि खाली अंथरायला तरटं माणिकप्पाच्या अडतीतून जायची. त्याच्या मोबदल्यात त्याला पुढची खुर्ची मिळे. पहिलं पद सुरू झालं की त्याचा डोळा लागे, आणि शेवटच्या टाळ्यांना तो डोळे चोळत उठे. बघणाऱ्यांना वाटे, माणसाला रडू आवरेना. त्या बळावर पेठेत त्याची हळव्या मनाचा म्हणून थोडी ख्यातीही होती, आणि ती त्यानं कधी नाकारली नव्हती, कारण फुकट आलेलं काहीच तो नाकारत नसे.

पण झोपेवर 'का'चं उत्तर निघत नाही. म्हणून तो तेलाचा एक डबा घेऊन बलभीमराव वकिलांकडं गेला.

बलभीमराव हे धाराशिवचे नाट्यरसिक. गावात दुसरा नव्हता, त्यामुळं पारख करायची सोय नव्हती. तरुणपणी ते वकिली शिकायला म्हणून पुण्याला वर्षभर होते. परीक्षेत आपटले, परत आले, आणि पुढं हैदराबादची उर्दूतली परीक्षा देऊन वकील झाले. पण त्या एका वर्षावर त्यांनी पुढली वीस वर्षं ओढली. 'आम्ही पुण्याला असताना' असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. कोर्टातसुद्धा मुन्सफासमोर त्यांच्या तोंडून ते दोनदा निघून गेलं होतं.

डबा आत गेला, मग वकीलसाहेब बोलले.

"संगीत हेमकेतू. दुसरं नाव तोंडात आणू नका. आम्ही पुण्याला असताना तीनदा पाहिलं."

"ते तर मी बी पायलंय की," माणिकप्पा म्हणाला. "म्हंजे, होतो तिथं."

"सगळ्या गावानं पाहिलंय. पाहणं वेगळं, कळणं वेगळं. ऐका."

हेमकेतूची गोष्ट अशी. चंडसेन नावाचा राजा. दुष्काळ पडलेला. सेनापतीचा पोरगा हेमकेतू राजाला न विचारता सरकारी कोठार फोडतो आणि धान्य रयतेला वाटतो. राजा त्याला साखळदंडात बांधून दरबारात आणवतो. राणी पदर पसरते, हेमकेतूची म्हातारी आई एक लांबलचक पद म्हणते, सगळा दरबार स्तब्ध. राजा सिंहासनावरून सावकाश उठतो, काही बोलत नाही, उजवा हात वर करतो. पडदा.

"या हातात नाटक आहे," वकील म्हणाले. "एक शब्द नाही. नुसता हात. अभय. कोठार फोडणाऱ्याला राजा क्षमा करतो, आणि रयतेला राजा काय असतो ते कळतं. आम्ही पुण्याला असताना त्या हातावर लोक उभे राहायचे."

पुण्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण धाराशिवात लोक उभे राहायचे हे खरं. तीनदा कंपनी आली आणि तिन्ही वेळा त्या हातावर बाया पदर तोंडात धरून रडल्या. पेठेत तर तो हात रोजच्या बोलण्यात येऊन बसला होता. कुणी सावकारानं व्याज सोडलं, कुणी शेजाऱ्याचा बांध कोरल्याचा दावा मागं घेतला, की म्हणायचं, 'चंडसेन झाला बघ.' पोरांची नावं चंडसेन ठेवली नाहीत एवढंच.

माणिकप्पा शिकला. माणूस मूर्ख नव्हता. मालाचा दर पाठ करणाऱ्याला दोन वाक्यं पाठ करणं जड नाही. पण वकिलांनी हातसुद्धा करून दाखवायला सांगितला होता, आणि हात जमेना. कधी तो वर जाई तो एखाद्या मोटारीला थांबवावं तसा, कधी वाढप्याला पुरे म्हणावं तसा. कपाटाच्या आरशासमोर त्याचा हा उद्योग चालला असताना शिवकांता, त्याची पोरगी, दारात येऊन उभी राहिली.

"आप्पा, कुणाला थांबवायलाव?"

"थांबवीत न्हाय. माफ करायलोय."

"कुणाला?"

"तुला काय करायचंय. तू चहाचं बघ."

शिवकांता चौथीपर्यंत शिकलेली. पुढं सगळं उर्दूत होतं आणि शाळा लांब होती, असं माणिकप्पा सांगे. खरं म्हणजे चौथीच्या पुढच्या पोरीला दुकानाच्या चिठ्ठ्या वाचता येतात आणि घरातलं गुपित राहत नाही, हे त्याला कळत होतं. तरी ती वाणसामानाच्या पुड्यांचे कागद सोडवून, गुडघ्यावर सरळ करून वाचत बसे. मल्लम्मा तिला त्याबद्दल बोलत नसे, आणि माणिकप्पाच्या ते ध्यानातच नव्हतं.

पाहुणे दिवाळीनंतर सर्व्हिस मोटारीनं तुळजापूरवरून आले. शरणबसप्पा, त्यांचा मुलगा शिवलिंग, आणि बरोबर धुळाप्पा. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायांनी त्यांचं गाठोडं सोडून पाहिल्यामुळं शरणबसप्पा आधीच तापलेले होते, आणि ताप हा त्यांना शोभतो अशी त्यांची समजूत होती. मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ बसल्यापासून त्यांच्या अंगावर खादी आली होती. त्याआधी मलमल होती.

"शरणार्थ," माणिकप्पा हात जोडून म्हणाला.

"शरणार्थ. काय वो तुमच्या सरकारचे शिपाई. सुपारी बी फोडून बगितली बगा. आत बंदूक सापडंल म्हणून."

बैठक ओट्यावर घातली होती. घरात जागा होती, पण सोलापूरची मंडळी आपल्याकडं आलेली पेठेला दिसली पाहिजेत असा माणिकप्पाचा हिशोब. पेठेनंही निराश केलं नाही. समोरच्या रस्त्यावर तेली, सोनार, कापडवाले, आणि बाजारचा दिवस असल्यामुळं खेड्यातली माणसं, अशी चांगली दाटी झाली. बलभीमराव वकील शेरवानी चढवून लोडाला टेकले होते आणि बोलायला संधी मिळते का, ते पाहत होते.

शिवकांतानं शेंगापोळी आणि चहा आणला. नाव, वय, किती शिकली, एवढं झालं. शरणबसप्पांचं तिकडं फारसं ध्यान नव्हतं. तेवढ्यात मुलानं, ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, खाली बघत विचारलं, "सोलापुरात मुलींची मराठी शाळा हाय. पुढं शिकायचंय का?"

शिवकांतानं मान वर केली. "व्हय," ती म्हणाली. एवढंच. पण कपबशा गोळा करून आत गेल्यावर तिनं मल्लम्माला सांगितलं, "अव्वा, हे जमवा." आजवर पोरीनं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मल्लम्मा चुलीपुढून उठून दाराशी येऊन बसली.

बाहेर प्रश्न पडला होता.

"मग माणिकप्पा, तुमचं आवडतं नाटक कंचं?"

माणिकप्पा जरा वेळ थांबला. हे थांबणंही वकिलांनीच शिकवलं होतं.

"तसं बघितलं तर पुष्कळ. पन काळजात बसलंय ते एकच. संगीत हेमकेतू."

शरणबसप्पा सरसावून बसले. "वा. का वो?"

आणि माणिकप्पा बोलला. दुष्काळ, कोठार, साखळदंड, राणीचा पदर, म्हातारीचं पद. म्हणाला, नाटकात शब्द फार असतात, आपण व्यापारी माणसं, शब्दाची किंमत जाणतो, पण हे एक नाटक असं की सगळ्यात मोठी गोष्ट ते बोलून दाखवत नाही. राजा उठतो. आणि नुसता हात वर करतो. असा. माणिकप्पानं हात वर केला. या वेळी तो खरोखर बरा जमला. रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"आन मग?" शरणबसप्पांनी विचारलं.

"मग काय. पडदा."

"पडदा झाला की वो. पाचव्या अंकाचं काय?"

माणिकप्पानं वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी लोडाची शिवण पाहिली. वीस वर्षांच्या रसिकतेत पाचवा अंक असल्याची वार्ता त्यांच्या कानावर आली नव्हती. पण वकील तो वकील.

"पाचवा अंक," बलभीमराव म्हणाले, "आम्ही पाहत नाही. चौथ्यावर परिणाम पूर्ण होतो. आम्ही पुण्याला असतानासुद्धा चौथ्यानंतर उठत असू."

"पुण्यात? हेमकेतूच्या चौथ्यानंतर उठला तुमी?"

"रसहानी होते."

"कसली?"

"क्षमा झाल्यावर आता उरलं काय?"

शरणबसप्पांनी कप खाली ठेवला. आधी वकिलांकडं, मग माणिकप्पाकडं, मग रस्त्यावरच्या गर्दीकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर एक सुख पसरत गेलं. दुसऱ्याच्या अडाणीपणाचा एवढा मोठा साठा एकाच ठिकाणी त्यांना आजवर मिळाला नव्हता.

"क्षमा कुठली वो? त्यो हात मारेकऱ्याला हाय. मागं खांबापाशी कुऱ्हाड घिऊन उभा असतोय की. राजा हात वर करतोय म्हंजे इशारत करतोय. उडव मान म्हणून."

ओट्यावरच्यांनी माणिकप्पाच्या हाताकडं पाहिलं. रस्त्यावरच्यांनीही.

"आमी तर रडलो वो त्या हाताला," गर्दीतला एक म्हातारा तेली शेवटी म्हणाला. "तीनदा रडलो."

"रडला नसता तर नवल. तुमच्या पोलिसांनी पाचव्याला इजाजतच दिली नसणार. पाचव्यात रयत राजाला गादीवरून खाली वढती. ते हितं कोन दाखवू देतंय? म्यानेजर लई बेरकी. चौथ्यावर पडदा टाकला, आरती म्हटली, चालला पुढच्या गावाला." शरणबसप्पांनी पान तोंडात सारलं. "मोगलाईत ऱ्हाऊन ऱ्हाऊन माणसाची नजर अशी होती बगा. मान उडवायचा हात बी आशीर्वादाचा दिसाय लागतोय. तुमची आवड हाली सिक्क्याची. नाक्याच्या पल्याड चालायची न्हाय."

निजामाचा हाली रुपया सोलापूरच्या बाजारात कुणी घेत नसे, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दाराशी बसलेल्या मल्लम्मानं मागं वळून पाहिलं. शिवकांता हातात ओली कपबशी धरून उभी होती.

आणि इथं माणिकप्पानं जे केलं त्याला दाद द्यायला हवी. वकिलाची बोलती बंद झाली होती, घरंदाज माणूस शरमेनं खाली बसला असता. पण नासका माल चांगल्या भावात विकल्याचा माणिकप्पाला जन्माचा सराव होता.

"तेच की वो," तो म्हणाला. "चौथ्यावर थांबलो ते काय उगंच? पाचवा कुनाकडून ऐकावा असा माणूसच आमच्या गावात न्हाय. म्हटलं, सोलापूरचे शरणबसप्पा येनार हायती, त्यांच्याच तोंडून ऐकू."

एवढी जाड खुशामत एखाद्या पोरानंही ओळखली असती. शरणबसप्पांनी ओळखली नाही, कारण ती त्यांना खरी वाटली. ते उठले, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि ओट्याच्या मधोमध आले. राजाही तेच झाले, मारेकरीही तेच. मारेकरी कुऱ्हाड टाकून देतो, म्हणतो, या पोरानं दिलेलं धान्य माझ्या लेकरांनी खाल्लंय. मग रयत दरबारात शिरते. सिंहासन पालथं होतं. आणि सगळी रयत मिळून पद म्हणते. शरणबसप्पांचा गळा काही गोड नव्हता, पण मोठा होता.

"उतर राया, उतर खाली, गादी होती रयतेची..."

दुसऱ्या खेपेला रस्त्यानं ते उचललं. तिसऱ्या खेपेला पेठेच्या टोकापर्यंत गेलं. जी माणसं चंडसेनाच्या दयेवर तीनदा रडली होती तीच आता त्याला तितक्याच मनापासून गादीवरून ओढत होती. कुणाला त्यात काही अडचण वाटली नाही. माणिकप्पाही टाळ्या वाजवत म्हणत होता. मात्र बलभीमराव वकिलांनी दुसऱ्या खेपेलाच चपला पायात सरकवल्या आणि ते गर्दीच्या कडेनं निघून गेले.

"घर रसिक हाय," शरणबसप्पा घाम पुसत म्हणाले, आणि साखर वाटली गेली. पौष संपल्यावर तिथी धरायची, साडी घेऊन आपण स्वतः येतो, असं ठरलं. निघताना शिवलिंग दाराकडं बघत माणिकप्पाला म्हणाला, "पाचवीची पुस्तकं पाठवून देतो." माणिकप्पा म्हणाला, "द्या की," कारण पुस्तकंही फुकटच येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यावरून शिपाई आला. अमीनसाहेबांनी बोलावलंय.

अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. हा काही मारझोड करणारा नव्हता. हैदराबादेहून दूर या गावात पडल्याचा कंटाळा आलेला, पान खाणारा जाडा माणूस. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बलभीमराव बसले होते. काल ओट्यावरून उठले ते थेट इथंच आले होते, हे त्यांच्या बसण्याच्या ऐसपैसपणावरून कळत होतं.

"क्या शेठ, आपके ओटे पे ड्रामा हुआ बोलते?"

"ड्रामा न्हाय हुजूर. पाव्हने आये थे."

"गाना हुआ?"

"थोडासा."

"पूरी पेठ गा रही थी, और थोडासा?" अमीननं कागद पुढं ओढला. "देखो शेठ, मेरेकू ऊपर दो नाम भेजना है. एक गाया सो, एक गवाया सो. तीसरा मेरेकू नको."

टेबलावर माणिकप्पाची करडई हद्दीबाहेर पाठवायच्या परमिटाची अर्जी पडलेली होती. अमीन तिच्याविषयी काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

माणिकप्पानं दोन्ही बाजू तोलल्या. एकीकडं परमिट आणि ठाण्याची मर्जी, दोन्ही आजच लागणारी. दुसरीकडं सोलापूरचा उंबरा, जो लागला तर उद्या लागणार. व्यापाऱ्याच्या मनात आज आणि उद्या यांचा भाव कधी सारखा नसतो. शिवकांता या तोलात कुठल्याच पारड्यात आली नाही. तिनं 'जमवा' म्हटल्याचं मल्लम्मानं काल जेवताना त्याला सांगितलं होतं, पण तो तेव्हा गव्हाची हुग्गी खात होता.

"गाया सो बी वहीच, हुजूर, गवाया सो बी वहीच," तो म्हणाला. "शरणबसप्पा. सोलापूरवाले. मैं तो ना ना बोला."

"दोनो एकीच?"

"एकीच."

वकिलांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला. अमीनला आश्चर्य वाटलं नाही. सही घेताना मात्र त्यानं सहज म्हटलं, "वैसे ये ड्रामा है क्या चीज?"

आणि माणिकप्पानं, कुणी मागितलं नसताना, तेही सांगितलं. हुजूर, माझं आवडतं नाटक, पण चार अंकांचं. त्यात एक राजा आहे. रयत चुकते, सरकारी कोठार फोडते, आणि राजा काय करतो? उठतो. एक शब्द बोलत नाही. असा हात वर करतो. माफ करतो. पाचवा अंक सोलापूरच्या लोकांनी मागाहून चिकटवला, त्यांना राजा काय असतो ते माहीत नाही. हे बोलताना माणिकप्पाचा गळा दाटून आला. तो सोंग करत नव्हता. सांगताना त्याला ते सगळं खरंच वाटत होतं, आणि म्हणूनच या माणसाचा हिशोब करणं अवघड जातं.

"अच्छा है," अमीन म्हणाला, आणि अर्जी उचलून शिक्का शोधू लागला.

पौष संपल्यावर शरणबसप्पा कबूल केल्याप्रमाणं साडी घेऊन निघाले. नाक्यावर त्यांचं नाव विचारलं, यादीत पाहिलं, आणि साडीच्या गाठोड्यासकट त्यांना दुपारपर्यंत बाकावर बसवून परत पाठवलं. हद्दीत पाऊल टाकायची बंदी. नाव कुणी दिलं तेही शिपायांनी सांगून टाकलं. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

आठवड्यानं धुळाप्पा आला तो ओट्यावर चढला नाही. खाली उभ्याउभ्याच म्हणाला, "त्यांनी सांगितलंय, तुमचं आवडतं नाटक कळलं. आता आमच्या दारात येऊ नका."

मल्लम्मा बाहेर आली.

"नाव का दिलंव?"

"न्हाय दिलं असतं तर परमिट गेलं असतं."

"मग आता पोरीला परमिटासंगं नांदवा."

"साकु," माणिकप्पा म्हणाला. घरात चिडला की तो कानडीत पुरे म्हणे. "दुसरं स्थळ बघू."

शिवकांता दाराआडून पुढं आली. तिनं बापाकडं पाहिलं नाही. धुळाप्पाला विचारलं, "त्ये काय म्हणाले?"

"कोन, शरणबसप्पा? सांगितलं की आत्ताच."

"न्हाय. त्ये."

धुळाप्पाला कळायला वेळ लागला. "शिवलिंग व्हय? त्यो काय म्हणतोय. बाप बोलत हुता तवा त्यो पेढीवर सूत तोलत हुता."

ती आत गेली. पाचवीची पुस्तकं आली नव्हती, ती आलीच नाहीत.

शरणबसप्पांचं म्हणाल तर नाक्यावरच्या बाकानं त्यांना पालटून टाकलं. निजामानं ज्यांना हद्दबंदी केली असे सोलापुरात मोठमोठे लोक होते. आता त्यांच्या पंगतीत सुताचा व्यापारी जाऊन बसला. सभेत त्यांना हार पडला, पाचव्या अंकातलं पद म्हणायचा आग्रह झाला आणि त्यांनी तो मोडला नाही. मुलाचं लग्न त्यांनी त्याच वैशाखात उरकलं. नव्या सुनेच्या बापाला त्यांनी नाटकाचा प्रश्न विचारला का, हे कळलं नाही. तो बाप गिरणीचा दलाल होता.

पुढचं वर्ष-दीड वर्ष कसं गेलं ते त्या भागात सांगायला नको. गावोगाव भीती होती आणि ज्याच्या घरी वाढलेली पोर होती त्याला जास्त होती. स्थळं बघायला सवड नव्हती. माणिकप्पानं शिवकांताला तेरच्या एका बिजवराला देऊन टाकलं. जमीन बरी, पहिलीची दोन पोरं, वय विचारू नये असं. हुंडा तिथंही पडला नाही, हे माणिकप्पा पुढं बरेच दिवस सांगत असे.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि थंडी पडता पडता तीच कंपनी धाराशिवात आली. जाहिरातीवर मोठ्या अक्षरात होतं: संपूर्ण पाच अंकी. बाजारतळावर कनातीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. पडदा उघडण्याआधी बलभीमराव वकील बोलायला उभे राहिले. हेमकेतू आपल्याला का आवडतं, ते त्यांनी सांगितलं: त्याचं सगळं सौंदर्य पाचव्या अंकात आहे, आम्ही पुण्याला असताना चौथ्यापर्यंत बाहेर उभे राहून पाचव्यालाच आत जात असू. मग त्यांनी माणिकप्पाला मंचावर बोलावलं. निजामाच्या अमदानीत, ठाण्याची पर्वा न करता, ज्यांच्या ओट्यावर या अंकाचं पद पहिल्यांदा घुमलं ते हे गृहस्थ. टाळ्या पडल्या. माणिकप्पानं हार गळ्यात घालून घेतला, चार शब्द बोला म्हटल्यावर म्हणाला की त्या पदापायी आपल्याला सोलापूरची सोयरीक गमवावी लागली. नंतर तो पुढच्या खुर्चीत बसला आणि पहिल्या पदाला झोपी गेला.

आता कुणाचं काय गेलं ते पाहू. वकिलांचं काही गेलं नाही. नव्या सरकारच्या वकिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं. शरणबसप्पांचा नाक्यावर अर्धा दिवस गेला, तो त्यांनी हारातुऱ्यात केव्हाच वसूल केला होता. अमीन हैदराबादेला आपल्या घरी पोचला. शिवलिंगचं काही गेलं असेल तर ते त्यालाच ठाऊक, आणि त्याला विचारायची कुणाला सवय नव्हती. कंपनीचे सगळे खेळ भरले. पेठेला राजाच्या दयेवर रडून झालं होतं, आता त्याला ओढून काढायचंही सुख मिळालं. माणिकप्पाला परमिट मिळालं, नंतर नव्या राज्याचा परवाना मिळाला, वर हार. उरलेलं सगळं शिवकांतानं भरलं. खेळ झाला त्या दिवशी ती तेरला सवतीच्या धाकट्याला ताप आला म्हणून त्याच्या उशाशी बसली होती, आणि धाराशिवात नाटक आल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं.